लठ्ठ कुत्री-मांजरं आणि त्यांचं वजन: दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या दवाखान्याच्या दारातच वजनकाटा आहे. त्यावर चढायला कुत्री जेवढी का-कू करतात, त्याहून जास्त त्यांची माणसं करतात. "राहू द्या हो डॉक्टर, मागच्या वेळेला केलं होतं की!" मग आकडा दिसतो आणि लस टोचायला आलेला माणूस पुढचा अर्धा तास पोळी, दूध आणि बिस्किटांवर बोलत बसतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

आमचा कुत्रा जाड आहे की हाडापेरानेच मोठा आहे? कसं ओळखायचं?

आकडा नंतर बघू, आधी हात लावून बघा. स्वतःचा डावा हात टेबलावर पालथा ठेवा आणि उजव्या हाताची बोटं त्या हाताच्या पाठीवरून आडवी फिरवा. हाडं लगेच लागतात, पण त्यांवर एक पातळ मऊ थर असतो. निरोगी कुत्र्याच्या किंवा मांजराच्या बरगड्या हाताला अशाच लागायला हव्यात. आता मूठ वळून वरच्या गाठींवरून बोट फिरवा. बरगड्या तितक्या टोचत असतील तर प्राणी हडकुळा आहे. मग हात उताणा करा आणि तळव्याच्या बाजूने बोटांच्या मुळाशी चाचपा. हाडं आहेत, पण दाबून शोधावी लागतात. बरगड्या अशा शोधाव्या लागल्या तर चरबी जास्त झाली आहे.

त्यानंतर प्राणी उभा असताना वरून बघा. बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बाजूने बघितलं तर पोट छातीपेक्षा वर चढत गेलेलं दिसलं पाहिजे. वरून बघताना पाटा दिसत असेल आणि शेपटीच्या मुळाशी चरबीची गादी लागत असेल, तर आपल्या मनाची समजूत काढण्यात अर्थ नाही.

डॉक्टर हेच १ ते ९ अशा गुणांत मोजतात. ४ ते ५ म्हणजे उत्तम. ५ च्या वरचा प्रत्येक गुण म्हणजे ढोबळमानाने १० टक्के जास्तीचं वजन. परीक्षेतल्या गुणांशी ह्याचं काही नातं नाही. एका गृहस्थांनी "आमच्या पगला ९ पैकी ८ मिळाले" असं घरी फोन करून कौतुकाने सांगितलेलं मी ऐकलं आहे.

मांजराचं पोट चालताना लोंबतं. ती चरबीच ना?

असेलच असं नाही. मागच्या पायांजवळ कातडीची एक सैल घडी बहुतेक मांजरांना असते, सडपातळ मांजरांनाही. ती हातात धरली तर रिकाम्या पिशवीसारखी लागते. पिशवी भरलेली लागली आणि बरगड्याही सापडत नसल्या, तर चरबी समजा.

एक सावधगिरी मात्र हवी. पाठ आणि मांड्या वाळलेल्या आणि फक्त पोट मोठं, असं असेल तर त्याला लठ्ठपणा म्हणू नका. पोटात पाणी झालेलं असू शकतं. पिल्लू असेल तर जंत असू शकतात. नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात पू झालेला असू शकतो. अशा वेळी वजन उतरवायचा बेत बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तो काहीच खात नाही हो! तरी वजन का वाढतं?

हा प्रश्न दिवसातून एकदा तरी येतो, आणि विचारणारा खोटं बोलत नसतो. त्याने स्वतः खरंच थोडंसंच घातलेलं असतं. घरातल्या बाकीच्या चौघांनीही थोडंसंच घातलेलं असतं.

एका लॅबचा, म्हणजे लॅब्राडॉर कुत्र्याचा, हिशोब सांगतो. ड्राय फूड दिवसाला ३०० ग्रॅम, म्हणजे साधारण १०८० कॅलरी. हे वडिलांनी सांगितलं आणि विषय तिथेच संपला असता. मग मुलगी म्हणाली, सकाळी माझ्या चहाबरोबर त्याला ग्लुकोजची सहा बिस्किटं लागतात. झाल्या आणखी १५० च्या आसपास. आई जेवताना तूप लावलेल्या दोन-तीन पोळ्या मोडून घालते, एकेक पोळी १२० ची. रात्री आजोबा कपभर दूध देतात, तेही म्हशीचं, म्हणजे २०० कॅलरी. एकूण झाले १७००-१८०० च्या आसपास. त्या कुत्र्याची वजन उतरवायची गरज होती साडेनऊशेची. बिस्किटं, पोळ्या आणि दूध ह्यांतलं काहीच कुणी जेवण म्हणून मोजलेलं नव्हतं.

म्हणून पहिला आठवडा काहीही बदलू नका. फ्रिजवर एक कागद चिकटवा, दोरीने पेन बांधा आणि प्राण्याच्या तोंडात जे जे जाईल ते ज्याने घातलं त्याने लिहायचं. गोळी गिळवायला लावलेलं लोणी, ताट चाटायला दिलेलं, सोसायटीच्या वॉचमनने दिलेला पाव, सगळं. आठ दिवसांनी तो कागद घेऊन या. निम्म्या लोकांना कागद वाचूनच उत्तर मिळालेलं असतं आणि ते आमच्यापर्यंत येतही नाहीत.

थायरॉइड वगैरे तर नसेल?

कुत्र्यात असू शकतं. थायरॉइड कमी पडला की कुत्रा सुस्तावतो, केस विरळ होतात, त्वचा जाड आणि काळपट होते, थंडी जास्त वाजते आणि खाणं तेवढंच असून वजन चढतं. दुसरा आजार कुशिंगचा. त्यात तहान, लघवी आणि भूक तिन्ही वाढतात, पोट घागरीसारखं सुटतं आणि पाय बारीक होतात. दोन्हींचं निदान रक्ताच्या तपासणीने होतं आणि दोन्हींवर उपचार आहेत. मांजराची गोष्ट उलटी आहे. म्हाताऱ्या मांजराचा थायरॉइड बिघडला तर बहुधा वाढतो, आणि त्यात ते भरपूर खाऊनही वाळत जातं.

औषधांकडेही बघा. खाजेसाठी महिनोन्‌महिने चाललेलं प्रेडनिसोलोन किंवा फिट्ससाठी दिलेलं फिनोबार्बिटोन भूक प्रचंड वाढवतं. पण म्हणून ती औषधं मनाने बंद करू नका. फिट्सची गोळी अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.

खाजगी तपासण्यांचा खर्च झेपत नसेल तर राज्यातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत: मुंबईत परळला (हे महाविद्यालय १८८६ पासूनचं), शिवाय नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीरला. रांग लागते, पण शिकवणारी माणसं तपासतात.

नसबंदी केली म्हणूनच जाड झाली ना? मग करायचीच नव्हती!

नसबंदीनंतर उष्मांकांची गरज साधारण पाव हिश्शाने घटते आणि भूक मात्र वाढते. हे खरं आहे. पण वाटी तीच राहते, म्हणून वजन वाढतं. टाके काढायला याल त्या दिवशीच नवं माप ठरवून घ्या. वाढत्या वयाचं पिल्लू असेल तर माप डॉक्टरांकडूनच ठरवा, कारण त्याला वाढीसाठीही हवं असतं. नसबंदीचे फायदे ह्या एका कारणाने सोडून देण्यासारखे नाहीत. माप कमी करणं ऑपरेशनपेक्षा कितीतरी सोपं आहे.

लॅब असतातच खादाड, त्याला कोण काय करणार?

ह्यात तथ्य आहे, आणि त्याचा शोधही लागलेला आहे. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवण्यात ह्या जनुकाचा हात असतो. निरोप नीट पोचत नाही आणि कुत्रा जेवून उठला तरी भुकेलाच राहतो. गंमत अशी की मदतनीस म्हणून शिकवलेल्या लॅबमध्ये हा बदल आणखी जास्त प्रमाणात आढळला. खाऊसाठी काहीही करायला तयार असणारा कुत्रा लवकर शिकतो, त्यामुळे निवडीत तोच पुढे येत असणार.

म्हणजे तुमचा लॅब नाटक करत नसेल, त्याला खरोखर भूक लागत असेल. पण भूक लागली म्हणून त्याला अन्नाची गरज आहे असं होत नाही. असा कुत्रा घरात असेल तर ओट्यावर काही उघडं ठेवायचं नाही आणि कचऱ्याचा डबा झाकणाचा घ्यायचा. त्याला शिस्त लावत बसण्यापेक्षा हे सोपं जातं.

गुबगुबीत आहे, छान दिसतो, खेळतोही. मग बिघडलं कुठे?

एक प्रयोग सांगतो. अमेरिकेत ४८ लॅब पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं अन्न, त्याहून दुसऱ्याला २५ टक्के कमी, आणि हे आयुष्यभर. निष्कर्ष २००२ साली छापून आले. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं निघालं आणि दुसऱ्याचं ११.२. जवळजवळ दोन वर्षांचा फरक, आणि सांध्यांचं दुखणंही उशिरा सुरू झालं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे जास्त खाणारा गट काही अवाढव्य नव्हता. आपल्याकडे ज्याला "अंगाने बरा आहे" म्हणतात, तेवढाच तो भरलेला होता.

रोजच्या आयुष्यात त्रास दिसतो तो गुडघ्यांत, कमरेत आणि श्वासात. लंगडणाऱ्या लठ्ठ कुत्र्यांचं वजन ६ टक्क्यांच्या आसपास उतरलं तरी लंगडणं कमी झाल्याचं नोंदवलेलं आहे. म्हणजे ४० किलोच्या कुत्र्याचे फक्त अडीच किलो. लठ्ठ मांजरांना मधुमेह होतो, पण वेळेवर इन्सुलिन आणि वजन दोन्ही सांभाळलं तर काहींचं इन्सुलिन सुटतंही. आणि पग, बुलडॉग ही चपट्या नाकाची मंडळी तर आधीच अर्ध्या नाकाने श्वास घेतात. त्यांच्या गळ्याभोवती चरबी चढली की मे महिन्यातली एक दुपार पुरे होते.

मग रोज नेमकं किती घालायचं?

आधी कुत्र्याचं योग्य वजन ठरवा, आताचं नव्हे. समजा लॅबचं वजन ४२ किलो आहे आणि गुण ८ आले. म्हणजे तो साधारण ३० टक्के जास्त भरला, योग्य वजन ३२ किलोच्या आसपास.

आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर घ्या. ३२ गुणिले ३२ गुणिले ३२ करा. येतील ३२,७६८. त्यावर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, १३.४५ येईल. त्याला ७० ने गुणा: साधारण ९४०. वजन उतरवायच्या काळात ह्या कुत्र्याला दिवसाला एवढ्याच कॅलरी. मांजरासाठी हीच रीत, पण आलेल्या आकड्याचे ८० टक्के घ्यायचे. ५ किलोचं व्हायला हवं अशा मांजराला २३४ येतात, त्याचे ८० टक्के म्हणजे १८७.

ह्यातला दहावा हिस्सा खाऊसाठी बाजूला काढा, नाहीतर घरात भांडणं होतील. लॅबचे ९४० असतील तर ९० खाऊचे आणि ८५० जेवणाचे. पाकिटावर १०० ग्रॅममागे ३६० कॅलरी लिहिल्या असतील तर दिवसाचं ड्राय फूड साधारण २३५ ग्रॅम. ते दोन-तीन वेळांत विभागून द्या.

हा आकडा सुरुवातीचा आहे, दगडावरची रेघ नव्हे. प्रत्येक प्राण्याचं इंजिन वेगळं असतं. दोन-तीन आठवडे काटा काय सांगतो ते बघून डॉक्टरांबरोबर कमी-जास्त करायचं. पिल्लं, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या माद्या, मधुमेहाचे आणि किडनीचे रुग्ण ह्यांच्यासाठी घरी बसून हे गणित करूच नका. मधुमेही प्राण्याचं खाणं कमी करून इन्सुलिन तेवढंच ठेवलं तर साखर एकदम उतरून तो कोसळू शकतो.

पाकिटावर लिहिलंय तेवढंच तर घालतो आम्ही.

पाकिटावरचा तक्ता निरोगी, हालचाल करणाऱ्या प्राण्यासाठी असतो. त्यात घरची पोळी धरलेली नसते, आणि दिवसभर पंख्याखाली झोपणारा नसबंदी झालेला कुत्राही धरलेला नसतो. शिवाय तुम्ही मोजता कशाने? वाटीने, मगाने, मुठीने. एकाच घरातल्या दोघांना तीच वाटी "एक वाटी" म्हणून भरायला सांगून बघा आणि वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. वजन उतरवण्यासाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर तो घ्या.

ड्राय फूड परवडत नाही. आमच्याकडे घरचंच जेवण असतं.

चालेल, पण भात-पोळी-दूध ह्याला कुत्र्याचं जेवण म्हणता येत नाही. त्यात पिठूळपणा भरपूर आणि प्रथिनं कमी. ते नुसतं निम्मं केलं तर वजनाबरोबर स्नायूही झडतात आणि कुत्रा सारखा भुकेला राहतो. वाटीतला भात कमी करून त्या जागी उकडलेलं चिकन किंवा अंडं (एका अंड्याच्या ७० ते ७५ कॅलरी), आणि वर उकडलेला दुधी, लाल भोपळा, फरसबी, गाजर. भाज्यांनी पोट भरतं आणि आकडा फारसा हलत नाही. फोडणी, मीठ, तिखट नको. कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची भर किती हवी ते डॉक्टर सांगतील. ते न विचारता वर्षानुवर्षं नुसतं चिकन-भात देऊ नका.

कांदा आणि लसूण दोन्ही प्राण्यांना विषारी आहेत, म्हणजे घरचा रस्सा आणि आमटी आपोआप बाद. द्राक्षं आणि मनुकेही कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतात. दिवाळीत बेसनाच्या लाडवावरचा मनुका "एकच तर आहे" म्हणून देऊ नका. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थही नकोत.

आमचं घर शाकाहारी आहे.

कुत्र्याचं निभावून नेता येतं. कुत्रा मिश्राहारी आहे. पनीर, दही, डाळी, सोया आणि योग्य पूरकं घेऊन, नीट आखून घेतलेल्या शाकाहारावर तो जगू शकतो. फक्त पनीरच्या कॅलरी मोजा, १०० ग्रॅमला अडीचशेच्या वर जातात.

मांजराचं मात्र नाही. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं, अ जीवनसत्त्व त्याला गाजरातून बनवता येत नाही, आणि टॉरिन कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदय सैल पडतं. दूध-पोळीवर वाढलेलं मांजर गुटगुटीत दिसतं आणि आतून उपाशी असतं. घरात मांस शिजवायचं नसेल तर तयार मिळणारं मांजराचं खाणं आणा. ते पाकीट वेगळ्या कपाटात ठेवणारी कितीतरी घरं मला माहीत आहेत. पण मांजर आणायच्या आधी हा विचार झालेला बरा.

दुधाचंही ऐका. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही, आणि १०० मिली म्हशीचं दूध म्हणजे जवळजवळ १०० कॅलरी. मांजराच्या दिवसभराच्या जेवणातला निम्मा वाटा एका बशीत गेला.

दोन दिवस उपाशी ठेवलं तर लवकर उतरेल का?

मांजराच्या बाबतीत हा विचारसुद्धा करू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर अंगातली चरबी एकदम यकृताकडे धावते, यकृताला ती पेलत नाही आणि ते बंद पडत जातं. डोळे आणि हिरड्या पिवळ्या दिसायला लागतात, नळी घालून आठवडेच्या आठवडे भरवावं लागतं आणि तरीही काही मांजरं दगावतात. नवीन खाणं आणलं आणि मांजर तोंड लावत नाही, तेव्हा "भूक लागली की खाईल" हा आईचा मुलांना लावायचा नियम इथे लावायचा नाही. जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत आठ-दहा दिवस घ्या. चोवीस तास पूर्ण उपाशी राहिलं तर फोन करा.

कुत्र्याचं यकृत एवढं नाजूक नसतं, पण उपासाने त्याचा स्नायू जातो आणि चोरून खायची सवय लागते.

किती वेगाने उतरायला हवं?

कुत्र्याचं आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के, मांजराचं अर्धा ते १ टक्का. ४२ किलोच्या लॅबला आठवड्याला चारशे ग्रॅम म्हणजे उत्तम चाललंय. दहा किलो उतरायला सहा-आठ महिने लागतात. साडेसहा किलोच्या बोक्याचे आठवड्याला पन्नास ग्रॅम उतरतात, आणि न्हाणीघरातल्या काट्यावर ते दिसतही नाहीत. मांजरासाठी तान्ह्या बाळांचा काटा बरा. मोठा कुत्रा उचलवत नसेल तर दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात आणा, नुसत्या वजनाचे पैसे सहसा कुणी घेत नाही. आमच्या ओळखीचे एकजण रॉटवायलरला कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानातल्या काट्यावर उभा करतात. दुकानदाराची हरकत नाही, आणि कुत्राही तिथे खूश असतो.

तो जेवताना असा बघतो की घास उतरत नाही.

बघणारच. त्याने दोन वर्षं बघितलं आणि दोन वर्षं मिळालं. आता मिळणं बंद झालं की आधी तो जास्त बघेल, मग रडेल, मग पंजा मारेल. पहिले आठ-दहा दिवस अवघड असतात. सातव्या दिवशी एक घास दिलात तर तो एवढंच शिकतो की सात दिवस रडावं लागतं.

तुमच्या जेवणाच्या वेळेलाच त्याला त्याचं जेवण द्या, दुसऱ्या खोलीत. खाऊ द्यायचाच असेल तर त्याच्या दिवसाच्या मापातलं मूठभर ड्राय फूड सकाळीच एका डब्यात काढून ठेवा आणि दिवसभर तेच द्या, एकेक दाणा. त्याला संख्या कळते, आकार कळत नाही. एका बिस्किटाचे आठ तुकडे म्हणजे त्याच्या हिशोबी आठ खाऊ. काकडीची चकती आणि गाजराचा तुकडा बहुतेक कुत्रे आनंदाने कुरकुरवतात.

आजी ऐकत नाहीत. काय करू?

खरं सांगायचं तर ह्या पानावरचा सगळ्यात कठीण प्रश्न हाच. आजींचं चुकतं असं मला म्हणवत नाही. पानावर बसण्याआधी मुक्या जिवासाठी घास काढून ठेवायचा, ही त्यांची आयुष्यभराची रीत आहे. त्यांना कॅलरी सांगून काही होत नाही. "आजी, बंद करा" म्हटलं की घास पदराआडून जातो, एवढंच.

माझा अनुभव असा की आजींकडून काम काढून घेण्यापेक्षा त्यांच्याकडेच सोपवावं. कुत्र्याचं सगळं जेवण, मोजून भरलेले दोन डबे, रोज त्यांच्याच हातून. पोळीचा घास हवाच असेल तर एक चतकोर, बिनतुपाची, आणि ती त्याच्या खाऊच्या हिश्शातून वजा. वजनाच्या दिवशी त्यांना दवाखान्यात घेऊन या. एका आजींनी स्वतः काटा वाचला आणि त्या दिवसापासून घरातल्या बाकीच्यांची बिस्किटं त्यांनीच बंद केली. त्या घरात कुत्र्याला आता माझ्यापेक्षा त्यांची जास्त भीती वाटते.

घरकामाच्या मावशी, ड्रायव्हर, वॉचमन, शेजारची मुलं ह्यांनाही सांगावं लागतं. पट्ट्याला "मला खाऊ देऊ नका" अशी पाटी लावलेला एक बीगल आमच्याकडे येतो. पाटीचा उपयोग झाला.

रोज फिरवलं तर खाणं तेवढंच ठेवता येईल?

नाही. चालण्यात कुत्र्याच्या ढोबळमानाने किलोमागे, किलोमीटरमागे एक कॅलरी खर्च होते. ४० किलोचा लॅब एक किलोमीटर चालला की ४०. तूप लावलेली एक पोळी जिरवायला तीन किलोमीटर झाले. वजन उतरतं ते वाटीतून. चालण्याने स्नायू टिकतात, सांधे मोकळे राहतात आणि मन रमतं, म्हणून चालायचं.

आता दहा मिनिटं चालून बसत असेल तर दहाच मिनिटं, पण दिवसातून तीनदा. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. जिने आणि उड्या नकोत, लठ्ठ कुत्र्याच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटायला एक उडी पुरते. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, सूर्य वर यायच्या आत फिरून घरी. हाताचा पालथा पंजा डांबरावर पाच-सात सेकंद ठेवा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस त्याच पाण्यात येतो, त्याची लस दरवर्षी हवी. धो-धो कोसळत असेल तेव्हा जुन्या चादरीच्या घड्यांत त्याचं ड्राय फूड लपवा आणि शोधायला लावा. वीस मिनिटं नाकाने काम केलेला कुत्रा मस्त झोपतो.

मांजराला काय पट्टा बांधून फिरवू?

काही बांधतात. पण बाकीच्यांसाठी दोरीला बांधलेलं पीस, पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. शेवटी शिकार हातात लागू द्या, नाहीतर मांजर चिडतं. दिवसभर भरून ठेवलेली वाटी उचला आणि खाणं चार-पाच छोट्या वाट्यांत घरभर ठेवा, एक कपाटावर, एक खिडकीत. कोळणीकडून मासळीची डोकी येत असतील तर तीही मापात धरा. सुकटी फार खारट असतात, त्या नकोच.

घरात दोन मांजरं आहेत. एक लठ्ठ, एक काडी.

काडीचं जेवण उंचावर ठेवा, जिथे लठ्ठोबा चढू शकत नाही. तो चढायला लागला तर वजन उतरतंय असं समजा आणि दुसरी जागा शोधा. किंवा वीस मिनिटं वेगळ्या खोल्यांत जेवू घालून उरलेलं उचला.

वजनाची गोळी नाही का?

२००७ साली अमेरिकेत कुत्र्यांसाठी डिर्लोटापाइड नावाच्या औषधाला मान्यता मिळाली होती. उलट्या-जुलाब व्हायचे, औषध थांबवलं की भूक परत यायची, आणि पुढे ते बाजारातून गेलं. मांजरांना तर ते द्यायचंच नव्हतं. माणसांच्या वजनाच्या गोळ्या आणि इंजेक्शनं आपल्या मनाने प्राण्याला देऊ नका, "अर्धी"सुद्धा नाही.

सोसायटीतली भटकी कुत्रीही जाडजूड झालीत. त्यांचं काय?

कानाला खाच असलेलं, म्हणजे नसबंदी झालेलं कुत्रं, आणि त्याला खायला घालणारी सहा घरं. प्रत्येक घराला वाटतं की बिचाऱ्याला आपल्याशिवाय कोणी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर गट करा आणि वार वाटून घ्या. खाऊ घालण्याचा पुण्यसंचय कमी होत नाही, आणि बिस्किटांचा जो खर्च वाचेल त्यात रेबीजची लस होते.

सुरुवातीला भराभर उतरलं, आता दीड महिना काटा हलत नाही.

आधी फ्रिजवरचा कागद परत लावा. दहातल्या सात घरांत तिथेच उत्तर सापडतं: पाहुणे आले होते, गणपती होते, मोदक झाले. तसं काही नसेल तर शरीर हलकं झाल्यामुळे त्याची गरजही कमी झालेली असते. डॉक्टरांना विचारून ५ ते १० टक्के माप उतरवा. माप आधीच फार कमी असेल तर आणखी कापू नका, नुसतं नेहमीचं खाणं कमी करत गेलं की प्रथिनं आणि क्षारही कमी पडतात. तेव्हा वजन उतरवण्यासाठी बनवलेलं, जास्त प्रथिनांचं आणि जास्त चोथ्याचं खाणं लागतं. ते महाग असतं, पण ग्रॅमने घातलं तर पाकीट बरंच पुरतं.

वजन उतरलं! आता पोळी सुरू करू?

अभिनंदन. आता माप एकदम जुन्यावर नेऊ नका. दर दोन आठवड्यांनी १० टक्के वाढवत जा आणि काटा जिथे स्थिर राहील तिथे थांबा. ते माप जुन्यापेक्षा कमीच असेल. महिन्यातून एकदा वजन, पहिल्या तारखेला, म्हणजे विसरत नाही. कागद काढू नका आणि पेनाची दोरी तशीच राहू द्या. पोळी आजींना विचारून, चतकोरच.